दर वर्षी मरणारं कुटुंब

मंडळी, संयोजकांनी फोन करून ‘भयकथांवर बोला’ म्हटलं, तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकलं की मी भित्रा माणूस आहे. मोरीतला दिवा चालू ठेवून झोपणारा. मला झेपतात तेवढ्याच भयकथांवर बोलेन, आणि त्या कार्टूनमधल्या आहेत. पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही. पण नको म्हणाले नाहीत, म्हणून आज ‘द सिम्पसन्स’.

मालिका तुम्हाला ठाऊक असेल. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाली, ती अजून चालूच आहे. स्प्रिंगफील्ड नावाचं गाव, तिथल्या अणुवीज केंद्रात नोकरी करणारा आळशी होमर, त्याची सोशिक बायको मार्ज, वांड बार्ट, शहाणी लिसा आणि चोखणी तोंडात धरलेली मॅगी. आपल्याकडे पुष्कळांनी हे कुटुंब प्रथम स्टार वर्ल्डवर पाहिलं. यांचा वर्षातून एक भाग हॅलोविनचा, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणाचा असतो, ‘ट्रीहाऊस ऑफ हॉरर’. त्यात बहुतेक वेळा सात-सात मिनिटांच्या तीन गोष्टी. पहिला आला ऑक्टोबर १९९० मध्ये. त्यात मुलं झाडावरच्या खोपटात बसून एकमेकांना गोष्टी सांगतात, आणि होमर बाहेरून चोरून ऐकतो. पुढच्या वर्षापासून खोपटं गेलं, नाव तेवढं उरलं.

या भागांचा नियम एकच: इथे घडलेलं धरायचं नाही. कुणीही मरो, पुढच्या आठवड्यात तो जेवायला हजर. आता लेखकांना अशी मोकळीक दिली की काय होतं? मुंडकी उडवत सुटतात. नंतरच्या वर्षांत बऱ्याचदा तसं झालं; कुठला तरी गाजलेला सिनेमा घ्यायचा, त्यात मालिकेतली पिवळी माणसं बसवायची आणि रक्ताचा सडा घालायचा. मला ते कंटाळवाणं वाटतं. मला आवडतात त्या गोष्टींत सगळं जग उलटंपालटं होतं, पण होमर तसूभरही बदलत नाही.

म्हणून माझा सर्वांत लाडका भाग पाचवा, १९९४ चा. त्यातली पहिली गोष्ट स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’ची टिंगल आहे. मूळ सिनेमात हिवाळ्यात ओस पडलेल्या हॉटेलात एक लेखक राखणदार म्हणून राहतो आणि त्याचं डोकं फिरतं. कशाने फिरतं यावर विद्वान अजून भांडतात. होमरच्या बाबतीत भांडायला जागाच नाही. मालक मिस्टर बर्न्स यांनी केबल तोडलीय आणि बिअर काढून नेलीय, बस्स. टीव्ही नाही, बिअर नाही, तर होमर वेडा होणार, हे तो स्वतःच भिंतीवर लिहून ठेवतो. कुऱ्हाड घेऊन तो बायकामुलांच्या मागे लागतो. सुटका कशाने होते? देवाने नाही, पोलिसांनीही नाही. लिसाला बर्फात एक छोटा टीव्ही सापडतो. पडदा उजळला की होमर शांत! मग सगळं कुटुंब त्या टीव्हीसमोर बसतं आणि बघता बघता थिजून जातं. सात मिनिटांत इतकं नेमकं कुणी टीव्हीवर टीव्हीबद्दल बोललेलं मला आठवत नाही.

त्याच भागातली दुसरी गोष्ट. होमर टोस्टर दुरुस्त करतो आणि त्याचं कालयंत्र होऊन बसतं. तो थेट डायनासोरांच्या काळात पोहोचतो. तिथे त्याला आठवतो वडिलांनी लग्नाच्या दिवशी दिलेला सल्ला: कधी भूतकाळात गेलास तर कशावर पाय देऊ नकोस. (लग्नाच्या दिवशी! आमच्याकडे वडीलधारे निदान पैसे जपून वापर म्हणतात.) अर्थात तो पहिल्याच फटक्यात डास मारतो आणि परत येतो तर जगाचा हुकूमशहा शेजारचा नेड फ्लँडर्स झालेला. पुन्हा मागे, पुन्हा घोळ. एका खेपेला मात्र सगळं सुरेख जमतं. घर श्रीमंत, मुलं गुणी, मेव्हण्या वारलेल्या. होमर खुशीत डोनट मागतो आणि मार्ज विचारते, डोनट म्हणजे काय? झालं, होमर किंचाळत पुन्हा भूतकाळात पळतो. तो जातो न जातो तोच बाहेर डोनटांचा पाऊस सुरू होतो. ही गोष्ट पाहताना मी दर वेळी हसतो आणि दर वेळी माझा जीवही थोडा हळहळतो.

या भागात माळी विली तिन्ही गोष्टींत पाठीत कुऱ्हाड बसून मरतो. असा विनोद एकदाच करावा, आणि त्यांनी तो तिसऱ्यांदा केला म्हणूनच तो जमला.

आता पहिल्या भागाकडे. कँग आणि कोडोस हे एकडोळे, लाळगळे परग्रहवासी तिथेच प्रथम आले. ते सिम्पसन कुटुंबाला यानात नेतात आणि पंचपक्वान्नं खाऊ घालतात. लिसाला शंका येते. तिच्या हाती एक पाकपुस्तक लागतं, त्यावर लिहिलेलं असतं, ‘माणसं कशी शिजवावीत’. परग्रहवासी शांतपणे त्यावरची धूळ फुंकतो आणि मधला एक शब्द दिसतो: ‘माणसांसाठी’. लिसा आणखी धूळ फुंकते, पुन्हा अर्थ फिरतो, पुन्हा फुंकर. इंग्रजीत ही करामत ‘फॉर’ या एका इवल्या शब्दावर चालते. मराठीत ती करायची तर आपल्या विभक्तीवरच धूळ बसवावी लागेल. शेवटी पाहुण्यांचा हेतू खरंच चांगला निघतो. लिसाच्या संशयाने दुखावून ते सगळ्यांना घरी परत सोडतात, आणि घरचे लिसाकडे असे बघतात की बस.

१९९५ च्या भागात होमर संगणकावर बनवलेल्या त्रिमितीय जगात शिरतो. तिथे हवेत एक समीकरण तरंगतं: १७८२ चा १२ वा घात अधिक १८४१ चा १२ वा घात बरोबर १९२२ चा १२ वा घात. साध्या कॅल्क्युलेटरवर ते बरोबर येतं, म्हणजे दोनाहून मोठ्या घातासाठी असं समीकरण पूर्ण संख्यांत कधीच जुळत नाही, हे फर्माचं प्रमेय कोसळलं! पण सम अधिक विषम, उत्तर सम येईल कसं? लेखक डेव्हिड कोहेन यांनी हा डाव मुद्दाम टाकला होता, आणि नेमकं त्याच वर्षी अँड्र्यू वाइल्स यांची त्या प्रमेयाची सिद्धता छापून आली.

१९९६ चा सातवा भाग अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या जेमतेम नऊ दिवस आधी दाखवला गेला. त्यात कँग आणि कोडोस हे क्लिंटन आणि डोल या दोन उमेदवारांची रूपं घेतात. बिंग फुटतं, तरी मतदारांना दोघांपैकी एक निवडावाच लागतो. शेवटी साखळदंडांत दगड ओढताना होमर म्हणतो, माझ्याकडे बोट दाखवू नका, मी कोडोसला मत दिलं होतं. यावर भाष्य करायची या सभागृहात गरज नाही, हशा आधीच आलाय.

एक गंमत सांगायची राहिली. फॉक्सकडे बेसबॉलच्या ऑक्टोबरातल्या वर्ल्ड सीरिजचे प्रक्षेपण हक्क होते, त्यामुळे २००० नंतर कितीतरी वर्षं हॅलोविनचा भाग हॅलोविन उलटल्यावर, नोव्हेंबरात यायचा. फटाके संपल्यावर फराळ आल्यासारखा.

आता पडद्यावर पहिल्या भागातली शेवटची गोष्ट लावतो. एडगर अ‍ॅलन पो यांची १८४५ ची कविता, ‘द रेव्हन’, जवळजवळ मूळ शब्दांत, जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात. कार्टूनच्या प्रेक्षकांना हे जड होईल, अशी निर्माते मॅट ग्रेनिंग यांना धाकधूक होती. कावळ्याच्या जागी बार्ट आहे. गोष्ट संपल्यावर मुलं ढाराढूर झोपतात आणि होमर टक्क जागा राहतो, तेवढं बघायला विसरू नका. दिवे घालवा. मागच्या दाराजवळचा एक राहू द्या.