एका पेटीत विंडोज आणि लिनक्स

(दृश्य : ठाणे, नौपाडा. गोखले रोडवरून आत वळलेली गल्ली. दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी ठेवलेला संगणक.)

या घरात अक्षरजुळणी चालते. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, आणि गणपती उठले की दिवाळी अंकांची पानं. काम पेजमेकरमध्ये, म्हणजे पानं लावायच्या एका जुन्या प्रोग्राममध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, आली 2001 साली. तरी अनेक मराठी डीटीपीवाल्यांनी ती सोडलेली नाही, कारण वर्षानुवर्षांच्या फायली तिच्यात आहेत आणि त्या फायलींमधलं मराठी युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या, आधीच्या फॉन्टांमध्ये आहे. तो मजकूर तसाच उचलून दुसरीकडे चिकटवला, की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची सरमिसळ उमटते.

संगणक इंटेलच्या सहाव्या पिढीचा. 8 जीबी रॅम, 480 जीबीची एसएसडी. मशीनला काहीही झालेलं नाही. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबली. वेगळी नोंदणी करणाऱ्यांना ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, म्हणजे प्रश्न फक्त वर्षभर पुढे गेला. विंडोज 11 च्या प्रोसेसरांच्या यादीत सहावी पिढी नाही, त्यामुळे तो रस्ताही बंद.

घरातली मुलगी रोज ट्रान्स-हार्बरच्या गाडीने कोपरखैरण्याला कॉलेजला जाते. तिची प्रॅक्टिकल्स लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, असतात. वाटेत ऐरोली, रबाळे, घणसोली. या पट्ट्यात आणि शेजारच्या महापेला मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. सर्व्हरच्या जगात लिनक्सचा वापर किती आहे, हे तिथं काम शोधायला जाणाऱ्या प्रत्येकाला लवकरच कळतं. तिला घरी लिनक्स हवं होतं, बाबांना पेजमेकर. दोघांचं भागवायचं तर एकाच डिस्कवर दोन्ही.

पण या घरातल्या मांडणीचं खरं महत्त्व दोघांच्या सोयीपलीकडचं आहे. अपडेट थांबलेल्या विंडोजला सर्वात मोठा धोका इंटरनेटचा. पेजमेकरला इंटरनेट लागतच नाही. मग विंडोजचं इंटरनेट तोडायचं, आणि मेल, बँक, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं गिऱ्हाईकांचं मॅटर, हे सगळं अपडेट मिळणाऱ्या लिनक्सवर न्यायचं. जुना प्रोग्राम जपायचा असेल, तर मला यापेक्षा शहाणी वाटणी दिसत नाही. विंडोजच्या आत आभासी मशीन (प्रोग्रामने उभा केलेला संगणकातला संगणक) करून लिनक्स चालवता आलं असतं, पण मग विंडोज इंटरनेटवर राहिलंच असतं, आणि 8 जीबी रॅममध्ये दोघांचीही ओढाताण झाली असती.

(दृश्य : टेबलावर बाहेरची हार्ड डिस्क. फायली कॉपी होताना.)

सुरुवात बॅकअपने. मुलीने बाबांना एकच प्रश्न विचारला, “बाबा, यातली कुठली फाइल गेली तर तुम्हाला परत करता येणार नाही?” उत्तर आलं, “अगं, जवळजवळ सगळ्याच.” म्हणून फायली, जुने फॉन्ट आणि प्रोग्रामची मूळ सीडी, सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर गेली. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून निरनिराळ्या वर्षांच्या फायली उघडून पाहिल्या. न उघडून पाहिलेल्या प्रतीला बॅकअप म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग पेनड्राइव्ह. लिनक्स मिंट 22 या लिनक्सच्या एका प्रकाराची आयएसओ फाइल, म्हणजे बसवण्यासाठीची पूर्ण प्रत, उतरवली. ही आवृत्ती उबुंटू 24.04 वर बांधलेली आहे आणि तिला 2029 पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. फाइल पूर्ण आणि बिनचूक उतरली आहे का, हे चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून तपासलं आणि ती पेनड्राइव्हवर लिहिली. लिहिताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा तो रिकामाच घ्यावा. त्या पेनड्राइव्हवरूनच लिनक्स आधी चालवून पाहता येतं. डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठी कीबोर्ड, सगळं तपासलं. इथं एखादी अडचण निघाली, तर पेनड्राइव्ह काढून घ्यायचा. काहीच बिघडलेलं नसतं.

(दृश्य : पडद्यावर डिस्क मॅनेजमेंट. एकच लांब निळी पट्टी.)

आता जागा. विंडोज या 480 जीबीच्या डिस्कवर 447 जीबी दाखवतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. त्यातून 160 जीबी काढायचे ठरले. 100 लिनक्सला आणि 60 दोघांच्या सामाईक ड्राइव्हला. विंडोजची जागा विंडोजच्याच साधनाने कमी करावी, कारण त्याच्या फायली कुठे पसरल्यात हे त्यालाच सर्वात नीट ठाऊक असतं. डिस्क मॅनेजमेंटमधलं ‘श्रिंक व्हॉल्यूम’ आकडा एमबीमध्ये मागतं : 1,63,840. पण विंडोजने तेवढी जागा द्यायला नकार दिला, डिस्क अर्ध्याहून रिकामी असूनही. वाटेत न हलणाऱ्या फायली होत्या. पेज फाइल (रॅम कमी पडली की वापरायची), आणि हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना त्याची स्थिती लिहून ठेवायची).

त्या दुसऱ्या फाइलशी थोडं थांबायला हवं. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. आपण शटडाउन करतो, तेव्हा विंडोज पुरतं बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. एकट्या विंडोजला हे सोयीचं. दोन सिस्टिम असल्या की घातक. लिनक्सच्या दृष्टीने तो ड्राइव्ह अजून वापरात आहे. म्हणून लिनक्स तो फक्त वाचायला उघडतं, किंवा उघडतच नाही. त्यावर जबरदस्तीने काही लिहिलं, तर नंतर जागं झालेलं विंडोज जुन्या समजुतीने वागतं आणि फायली बिघडतात. म्हणून हायबरनेशन पूर्ण बंद केलं. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही गेलं आणि ती मोठी फाइलही. पेज फाइल तेवढ्यापुरती काढून मशीन रीस्टार्ट केलं, तेव्हा जागा मोकळी झाली. या कामाच्या वेळी यूपीएस हवाच. मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, कुणालाच ओळखता येत नाही.

नव्या लॅपटॉपवर हे करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधी पाहावी. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीने, कुलूपबंद असू शकते, तुम्ही स्वतः ते सुरू केलेलं नसतानाही. 48 अंकांची रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय पार्टिशनला किंवा सिक्युअर बूटला (सुरू होताना फक्त विश्वासू प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीला) हात लावू नये.

(दृश्य : जुन्या हार्ड डिस्कची उघडलेली तबकडी, मग पुन्हा एसएसडी.)

‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम जुने जाणकार सांगतात. त्याचं मूळ डिस्कच्या पहिल्या 512 बाइट्समध्ये आहे. पूर्वी संगणक सुरू झाला की तेवढाच पहिला तुकडा वाचायचा, आणि त्यात सुरुवातीच्या प्रोग्रामला जागा असायची 446 बाइट्सची. तिथं एकच मावायचा. जो शेवटी लिहील तो आधीच्याला पुसून टाकणार, आणि विंडोज दुसऱ्याची विचारपूस न करता लिहायचं. यूईएफआय, म्हणजे संगणक सुरू करण्याची नवी पद्धत, आल्यावर चित्र बदललं. आता डिस्कवर एक छोटं फॅट 32 पार्टिशन असतं, विंडोज ते बहुधा 100 एमबीचं करतं, आणि त्यात प्रत्येक सिस्टिम आपापला फोल्डर ठेवते. एकाच इमारतीच्या जिन्याखाली दोन पत्रपेट्या असाव्यात तसं. हे पार्टिशन दोघांनी वापरायचं, फॉरमॅट मात्र कधीच करायचं नाही. आणि विंडोज यूईएफआय पद्धतीने बसवलेलं असेल, तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करायचा. बूट मेन्यूत एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसतात, त्यातलं यूईएफआय लिहिलेलं निवडायचं.

इन्स्टॉलरमध्ये धोक्याची ओळ एकच, ‘इरेज डिस्क’. ती सगळी डिस्क पुसते, विंडोजसकट. मुलीने ‘समथिंग एल्स’ निवडून मोकळ्या जागेत 100 जीबीचं पार्टिशन केलं, ‘इन्स्टॉल’ दाबण्याआधी बाबांना बोलावलं आणि यादी दोघांनी मिळून वाचली. उरलेल्या 60 जीबीवर नंतर विंडोजमधून एनटीएफएस (विंडोजची फायली मांडायची पद्धत) ड्राइव्ह केला, नाव दिलं ‘मॅटर’. एनटीएफएस अशासाठी, की लिनक्स ते वाचतं आणि त्यावर लिहितं, पण लिनक्सचं ईएक्सटी 4 विंडोज स्वतःहून वाचू शकत नाही.

(दृश्य : काळ्या पडद्यावर ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू. मग विंडोजचं घड्याळ.)

बसवणं झालं, मेन्यू आला, दोन्ही सिस्टिम सुरू झाल्या. घड्याळ मात्र चुकलं. संध्याकाळचे सहा वाजलेले, विंडोजमध्ये साडेबारा. बरोबर साडेपाच तासांचा फरक. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. इंटरनेट असलेलं विंडोज आपली वेळ दुरुस्त करून घेतं. इथं तर इंटरनेटच तोडलेलं, म्हणजे प्रत्येक फाइलवर चुकीची वेळ पडणार. टर्मिनलमध्ये एक आज्ञा देऊन लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं. याविरुद्धचा मोठा आक्षेप उन्हाळी-हिवाळी वेळ बदलणाऱ्या देशांचा आहे. भारतात घड्याळ वर्षभर एकच चालतं, त्यामुळे आपल्याकडे हा उपाय बिनधास्त करावा.

आता कामाची रीत अशी. मॅटर लिनक्सवर येतं, ‘मॅटर’ ड्राइव्हवर ठेवलं जातं, मशीन रीस्टार्ट करून बाबा विंडोजमध्ये पानं लावतात, पीडीएफ पुन्हा त्याच ड्राइव्हवर, आणि लिनक्समधून प्रेसला मेल. दिवसातून काही वेळा रीस्टार्ट करावं लागतं, हा त्रास आहेच. प्रेसमधून आलेला पेनड्राइव्हही आधी लिनक्समध्ये उघडायचा, हा नियम बाबांनी स्वतः घातला, कारण इंटरनेट तोडलं तरी व्हायरस पेनड्राइव्हवरून येतोच. लिनक्सची आज्ञावली शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे मुलीने त्यांना लावून दिले आहेत.

जे दोन्ही सिस्टिम इंटरनेटवर ठेवतात, त्यांनी तो इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह पुसू नये. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या कित्येक मशीनवर लिनक्स सुरू होईना. अशा वेळी दुरुस्तीसाठी आत शिरायची वाट हवी.

ग्रबचा मेन्यू 10 सेकंद थांबतो आणि मग पहिली सिस्टिम सुरू करतो. बाबांचा आग्रह होता, पहिलं विंडोज असावं. मुलीने लिनक्स पहिलं ठेवलं, आणि मला तिचं पटतं. घरात कुणी पाहुणा मेल बघायला म्हणून बटण दाबेल, त्याने काहीच निवडलं नाही तरी तो लिनक्समध्येच पोचेल. विंडोज ज्यांना हवं, त्यांना ते बाण दाबून निवडता येतं.