जुनेराची गोधडी

नमस्कार श्रोतेहो.

हल्ली गोधडी कलादालनाच्या भिंतीवरही दिसते, आणि ते पाहून आनंदच होतो. पण शिवणारणीचा हात ओळखायचा असेल, तर गोधडी उलटी करून मागचे टाके बघा. सगळ्या थरांतून सुई आरपार गेली आहे की नाही, ते तिथेच कळतं.

सुती लुगडं नऊ वारांचं, म्हणजे सव्वाआठ मीटर. चौघडी केली की लांबी दोन मीटरच्या जरा वर भरते. एका माणसाच्या गोधडीचे चार थर एकाच जुनेरातून, म्हणजे वापरून जुन्या झालेल्या लुगड्यातून, निघतात. दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून पाहा. जिथे चरचर फाटेल, तो भाग आतल्या भरीला घाला. वर मऊ पण धड असलेलंच कापड हवं.

कापड सुती आहे का, अशी शंका आली तर कडेचा एक दोरा ओढून जाळा. सुती दोऱ्याची कागदासारखी राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गाठ होते. असं कापड आत घातलं की थर सरकतात आणि घामही टिपला जात नाही. नवं सुती कापड लावायचं असेल तर आधी धुऊन आटवून घ्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात तेवढीच बाजू आखडते.

आता अंथरणं. स्वच्छ फरशीवर थर पसरा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा आणि तळहाताने मधून कडेकडे झोळ काढत जा. मग वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घाला. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण टाळू नका. धावदोरा कडेने सुरू होऊन आत येत असेल, तर प्रत्येक ओळ थोडं कापड पुढे ढकलते. कच्चे टाके नसले की ते सगळं मधोमध जमून फुगा होतो, आणि मग तिथे चुणी पडतेच.

दोरा हातभरच ओवा. लांब दोरा पिळतो, त्याला गाठी बसतात. ओळींमध्ये अंगठ्याएवढं अंतर पुरे. आणि दोरा सुतीच घ्या, हे मात्र आग्रहाने सांगावंसं वाटतं. मजबूत म्हणून पॉलिएस्टरचा दोरा घेतात, आणि तोच दोरा विरलेल्या लुगड्याला ओळीने कापत जातो. सुती दोरा तुटला तर चार टाक्यांत भागतं. कापड कापलं गेलं तर ठिगळच लावावं लागतं. टाकाही फार आवळू नका. कापड दबावं, पण त्याला चुण्या पडू नयेत.

धुतल्यावर गोधडी पिळू नका. ओली गोधडी फार जड होते. एकाच दोरीवर टाकली तर सगळा भार मधल्या टाक्यांवर येतो. दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांधा, त्यांच्यावर ती आडवी पसरा, आणि वरची बाजू सुकली की उलटा.