४० टाक्यांचा खलाशी

[दृश्य: टेबलावर सपाट पसरलेला विणलेला तुकडा. बाजूला दोन सुया, लोकरीचे पाच गुंडे.]

हा खलाशी आहे. आत्ता पटणार नाही, कारण टेबलावर पडलाय तो नुसता एक आयत. खाली काळा, त्यावर गडद निळा, मग लाल-पांढरे पट्टे आणि सगळ्यात वर गव्हाळ रंग. कुणी मफलरचं टोक म्हटलं तरी चालून जाईल. पण शेजारचा छापील नमुना वाचलात तर यात बूट आहेत, विजार आहे, बनियन आहे आणि चेहराही आहे. बूट म्हणजे १० ओळी. विजार २४. बनियन २२. चेहरा १८. रुंदी सगळीकडे तीच, ४० टाके.

अशा बाहुल्यांची ही गंमत आहे. आधी अंग आणि मग त्यावर कपडे, असं इथे नाही. कपडे हेच अंग. या खलाशाचं बनियन कधीच काढता येणार नाही, कारण बनियनच्या आत खलाशी नाही, कापूस आहे.

सगळे डिझायनर असं करत नाहीत. नॉर्वेत काम करणारी आर्ने आणि कार्लोस ही जोडी आधी एक साधी बाहुली विणायला लावते, आणि स्वेटर, टोप्या वेगळ्या. खेळायला ते छानच. फक्त बोटाएवढी बाही विणून बघा एकदा! आमचा खलाशी त्या मानाने आळशी माणसाची सोय आहे.

[दृश्य: नमुन्याचा जुना, घड्या पडलेला कागद. बोट एका ओळीवरून फिरतं.]

नमुन्याचा कागद म्हणजे निम्मा आकडे आणि निम्मा आद्याक्षरं. सुलट, उलट, दोनाचा एक, एक टाका वाढवा. दोन फुल्यांच्या मधलं ओळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा. इतपत सवयीने जमतं. खरी फसगत होते ती सुईच्या नंबरात. जुन्या ब्रिटिश नमुन्यात १० नंबरची सुई लिहिलेली असते. ती सव्वातीन मिलिमीटरची, बारीक. अमेरिकेत १० नंबर म्हणजे ६ मिलिमीटर. ब्रिटनच्या जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत जाड. हे माहीत नसेल तर वीतभर खलाशाऐवजी दुप्पट मोठा, जाळीदार कुणीतरी तयार होतो, आणि त्याच्या पोटातून कापूस डोकावतो.

म्हणूनच खेळण्यांसाठी सुई मुद्दाम बारीक घ्यायची. ज्या लोकरीच्या वेष्टनावर ४ मिलिमीटरची सुई सांगितलेली असते, तीच इथे ३ किंवा सव्वातीनवर विणतात. बोटं दुखतात. वीण मात्र गच्च येते, भरल्यावर फाकत नाही.

[दृश्य: विणणारे हात, जवळून. काळी लोकर तोडून निळी जोडली जाते.]

रंग बदलायचा तो दर्शनी बाजूला सुलट दिसणाऱ्या ओळीला. दर्शनी बाजूने उलट विणलेल्या ओळीला बदलला तर तिथे दोन्ही रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि बूट कुठे संपला, विजार कुठे सुरू झाली, कळत नाही. कधी मुद्दाम तसं हवंही असतं. पण विजारीवर पट्टा दाखवायचा असेल तर सोपी युक्ती आहे: दर्शनी बाजूने एकच ओळ उलट विणायची. एक उंचवटा उठतो. झाला पट्टा.

[दृश्य: आयत गुंडाळून पाठीमागे शिवला जातो.]

आता शिवण. खूप जणांच्या बाहुल्या इथेच अडतात; विणलेले तुकडे पिशवीत महिनोन्‌महिने पडून असतात. आयत गुंडाळायचा, शिवण पाठीवर घ्यायची. कापूस चिमटी-चिमटीने भरायचा, एकदम कोंबला तर गाठी होतात. मग विजारीच्या मधोमध, पोटापासून पाठीपर्यंत आरपार टाके घालत खाली यायचं. एका पिशवीचे दोन पाय होतात.

आणि मान. गव्हाळ रंगाच्या पहिल्या ओळीतून दोरा ओवायचा, ओढायचा, गाठ मारायची. इतका वेळ जे लोडासारखं दिसत होतं, त्याला एका क्षणात डोकं येतं. कितीही बाहुल्या केल्या तरी या जागी हात जरा थांबतोच.

[दृश्य: तळहातावर मावेल एवढी छोटी बाहुली.]

याहून लहान बाहुल्याही असतात, खिशात मावणाऱ्या. कॅनडाच्या सैन्यातला मार्क इस्फेल्ड शांतिसेनेबरोबर क्रोएशियात होता. त्याची आई, कॅरोल, त्याला छोट्या विणलेल्या बाहुल्या पाठवायची आणि तो त्या तिथल्या मुलांना वाटायचा. १९९४ मध्ये सुरुंग काढण्याच्या कामात तो मारला गेला. आईने विणणं सोडलं नाही. त्याच्या टोपणनावावरून त्या ‘इझी डॉल’ झाल्या, नमुना छापला गेला, आणि ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं असे लोक त्या विणू लागले.

नमुना असा हातोहात फिरतो तेव्हा भांडणंही होतात. २००८ मध्ये बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेतल्या प्राण्यांचे नमुने एका चाहतीने फुकट दिले होते. त्यावरून केलेल्या बाहुल्या दुसऱ्याच कुणीतरी लिलावात विकायला काढल्या, आणि बीबीसीने नमुनेच काढून टाकायला सांगितलं. पात्र कुणाचं, टाके कुणाचे? निनावी खलाशाला हा ताप नाही. पण त्याच्याही कागदावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे: विक्रीसाठी नाही.

[दृश्य: खलाशी पूर्ण. हात, टोपी, पांढरी दाढी लागलेली. डोळे नाहीत.]

हात लागले. टोपी लागली. लोकरीचे फास काढून विणलेली दाढीही लागली. आता कागद पुन्हा उघडूया. इथवर तो टाका न् टाका मोजत आला. चेहऱ्यापाशी मात्र एवढंच म्हणतो: चित्रात दाखवल्याप्रमाणे भरावा. चित्र काड्यापेटीएवढं.

म्हणून टाचण्या. काळ्या डोक्याच्या दोन टाचण्या चेहऱ्यावर टोचून बघायच्या. वर टोचल्या तर खलाशी वयस्कर आणि जरा खडूस वाटतो. मधल्या रेषेच्या खाली आणल्या की दाढी असूनही पोरगा दिसायला लागतो. जवळ आणल्या तर लबाड. एका टाक्याचा फरक असतो.

[दृश्य: टाचण्या सरकतात. एकदा, दोनदा, पाच वेळा.]

बाहुली अगदी लहान मुलासाठी असेल तर मणी किंवा बटणं नकोत, निघून तोंडात जातात. डोळे दोऱ्यानेच भरायचे, आणि टाचण्या मोजून परत काढायच्या.

[दृश्य: काळा दोरा. उजवा डोळा. मग डावा.]

डावा एक टाका वर गेलाय. भुवई उचलल्यासारखा दिसतोय, आपलं काही पटलं नाही असा. उसवायचा का? सुई थोडी थांबते. मग दोरा दाढीच्या आत ओढला जातो आणि तिथेच गाठ बसते.