न मागता आलेले अपडेट

(मुद्रण, डीटीपी आणि हिशेबाच्या व्यवसायातील मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, येथे जमलेल्यांपैकी बहुतेकांचे पोट छपाईवर किंवा हिशेबावर चालते, म्हणून मी सुरुवात मार्च २०२१ मधील एका प्रसंगाने करतो. त्या महिन्याच्या ९ तारखेला, दुसऱ्या मंगळवारच्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे, विंडोज १० चे मासिक अपडेट बाहेर पडले. अमेरिकेतला मंगळवार सकाळचा मुहूर्त म्हणजे आपल्याकडची रात्र, त्यामुळे आपल्याला त्याचा अनुभव बुधवारपासून येऊ लागला. क्योसेरा, रिको, झेब्रा यांसारख्या कंपन्यांचे काही प्रिंटर ज्यांच्याकडे होते, त्यांनी छापण्याची आज्ञा दिली की कागद बाहेर येण्याऐवजी पडदा निळा होई आणि संगणक आपणहून बंद पडून पुन्हा सुरू होई. आर्थिक वर्ष संपायला तीन आठवडे उरलेले असताना ही अवस्था काय असते, हे मी या सभागृहात सांगायला नको. १५ मार्चला तातडीची दुरुस्ती आली. निळा पडदा गेला, पण काही ठिकाणी बारकोड आणि बोधचिन्हे गायब होऊ लागली, तक्त्यांच्या रेषा उडाल्या, तर कुठे नुसता कोरा कागद बाहेर येऊ लागला, आणि त्यासाठी आणखी एक दुरुस्ती काढावी लागली.

चुका सर्वांच्याच हातून होतात. आपल्यापैकी ज्याने एकदाही मुखपृष्ठावर चुकीचे नाव छापलेले नाही, त्याने खुशाल पहिला दगड उचलावा. मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. त्या बुधवारी ज्याचा प्रिंटर अडला, त्याने काही नवे बसवले नव्हते, काही मागितले नव्हते, आणि बऱ्याच जणांना रात्री काही बदलले आहे याची कल्पनाही नव्हती. त्यांनी केबल तपासली, कार्ट्रिज बदलले, प्रिंटरवाल्याला फोन केला. बिघाडाचे कारण दुसऱ्याच्या हातात आणि शोधाशोध मात्र आपल्या माथी, अशी ही विभागणी आहे, आणि आजचे सगळे बोलणे मी तिच्याभोवतीच करणार आहे.

एका प्रोग्रामच्या बदलाने दुसरा का मोडतो, हे आधी पाहू. कोणताही प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमवर उभा असतो, आणि तिने लिहून दिलेल्या नियमांखेरीज तिच्या अनेक अलिखित सवयींवरही तो विसंबलेला असतो. यासंबंधी सिमसिटी या खेळाची गोष्ट संगणकाच्या जगात प्रसिद्ध आहे. त्या खेळात एक दोष होता: मेमरीचा तुकडा परत करून झाल्यावरही खेळ त्यातून वाचत राहत असे, म्हणजे भाड्याची खोली सोडल्यावर तिथल्या खुंटीवरचा सदरा आणायला रोज परत जावे तसे. जुन्या विंडोजमध्ये ते खपून जाई, कारण ती खोली लगेच दुसऱ्या कुणाला दिली जात नसे. विंडोज ९५ मध्ये तो खेळ कोसळू लागला. तेव्हा विंडोज लिहिणाऱ्यांनी काय केले असेल? सिमसिटी चालू आहे का हे ओळखून, तसे असेल तर मोकळी केलेली मेमरी लगेच दुसऱ्याला न देण्याची खास सोय त्यांनी आपल्या प्रणालीत केली. चूक खेळ लिहिणाऱ्यांची होती, पण ग्राहक म्हणणार की नवे विंडोज घेतले आणि माझा खेळ बंद पडला; हे त्यांनी जाणले होते. त्या काळी नवी आवृत्ती पैसे मोजून दुकानातून आणावी लागे, आणि जुने काम मोडणार असेल तर माणूस दुकानाकडे फिरकलाच नसता. ग्राहकाला नाही म्हणता येत होते, तोवर ही काळजी घेणे विक्रेत्याच्या हिताचे होते.

आता २०१६ पाहा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये विंडोज १० चे वर्धापनदिनाचे मोठे अपडेट आले आणि असंख्य वेबकॅम गोठू लागले. स्काइपवर बोलताना मिनिटभराने चित्र थांबे. एकच कॅमेरा एकाच वेळी अनेक प्रोग्रामना वापरता यावा, यासाठी विंडोजने कॅमेरा आणि प्रोग्राम यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसवला होता, आणि त्या मध्यस्थाने कॅमेऱ्याकडून येणारे काही प्रकारचे संकुचित चित्रण प्रोग्रामपर्यंत पोहोचवणे बंद केले होते. म्हणजे हे नजरचुकीने झाले नव्हते. कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय होता, त्याचा हेतूही वाईट नव्हता, फक्त ज्यांचे काम त्या जुन्या वाटेवरून चालत होते त्यांना नकार द्यायची सोय उरली नव्हती. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आले, तेव्हापासून घरगुती आवृत्तीत अपडेट नाकारण्याचे बटणच काढून टाकलेले होते.

ते का काढले, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. लोक अपडेट बंद करून ठेवीत आणि वर्षानुवर्षे तसेच ठेवीत. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध झालेली होती. सक्तीच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

पण पुढच्या दीडच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला, आणि तो कसा आला हे सक्तीचे समर्थक सहसा सांगत नाहीत. युक्रेनमध्ये कर-विवरणे भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधूनच तो पसरवला गेला. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट पुरवणाऱ्या यंत्रणेत शिरकाव करून घेतला होता. ज्यांनी निमूटपणे अपडेट घेतले, त्यांच्याच घरी चोर शिरला. मेर्स्क ही जहाजवाहतूक कंपनी त्यात सापडली, आणि तिच्या समूहाकडे असलेले आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. किव्हमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रामचे अपडेट आणि उरणच्या रस्त्यावर खोळंबलेले कंटेनर, इतका लांबचा हा धागा आहे. म्हणून ‘अपडेट घ्यावे की न घ्यावे’ हा प्रश्न मी निरर्थक मानतो. घ्यायचेच आहे. कधी घ्यायचे, कोणत्या संगणकावर आधी घ्यायचे आणि फसले तर मागे कसे यायचे, एवढेच आपल्या हातात ठेवायचे आहे.

‘कधी’ याचे महत्त्व ऑक्टोबर २०१८ ने शिकवले. त्या महिन्याच्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली पुसून टाकल्या. ज्यांनी ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते पण काही फायली मूळ जागीच राहिल्या होत्या, त्यांची मूळ जागा अपडेटने निरुपयोगी समजून साफ केली. मायक्रोसॉफ्टने ते चार दिवसांत थांबवले आणि नोव्हेंबरच्या मध्यास पुन्हा आणले. फायली गेल्याच्या तक्रारी दहा हजारांत एक एवढ्याच होत्या, असे कंपनीने सांगितले, आणि ते खरेही असेल. पण त्या एकात ज्याची वीस वर्षांची पुस्तके होती, त्याला या अपूर्णांकाचा काय उपयोग? चाचणी करणाऱ्या काही जणांनी हा दोष अपडेट बाहेर पडण्यापूर्वीच कळवला होता आणि तो इतर तक्रारींच्या ढिगात दबून गेला होता, हा भाग मला अधिक बोचतो. या धक्क्यानंतर, २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून, घरगुती विंडोजवरही सात-सात दिवस करून ३५ दिवसांपर्यंत अपडेट थांबवण्याची मुभा मिळाली.

मात्र थांबवण्याचे बटण दाबले म्हणजे सर्व काही थांबले, असे समजू नये. १९ जुलै २०२४ ची सकाळ आपल्याला आठवत असेल. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-प्रोग्राममुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले होते. त्यांतील अनेक संस्थांनी मुद्दाम एक आवृत्ती मागे राहण्याचे धोरण ठेवले होते, तरीही त्या सुटल्या नाहीत, कारण ते धोरण मुख्य प्रोग्रामला लागू होते आणि दोष होता तो दिवसातून कितीदाही येणाऱ्या एका छोट्या माहितीच्या फाइलीत. अपडेटचे दार एक नसते. ऑपरेटिंग सिस्टीम, ब्राउझर, अँटिव्हायरस, प्रिंटरचा ड्रायव्हर (म्हणजे संगणकाला ते यंत्र चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्राम), प्रत्येकाचे दार स्वतंत्र आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाकडे.

आपल्या धंद्याकडे वळू. मराठी अक्षरजुळणीची आपली व्यवस्था इतकी जुन्या पायावर उभी आहे की वरच्या मजल्यावर कुणी खिळा ठोकला तरी खाली हादरा बसतो. कितीतरी ठिकाणी आजही पाने जुळवण्याचा पेजमेकर ७ हा प्रोग्राम आहे, जो २००१ सालचा आहे आणि युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना एकच क्रमांक देणारी आजची पद्धत, जाणत नाही. त्याच्याबरोबर जुने फॉन्ट, आणि त्या फॉन्टच्या संचाबरोबर संगणकाला मागून लावायचे ते ‘लॉक’, म्हणजे जी लावल्याखेरीज तो संच चालत नाही अशी छोटी डबी. एका छापखान्यात दिवाळी अंकाचे शेवटचे फर्मे राहिले असताना रात्रीच्या अपडेटनंतर ते लॉक ओळखले जाईना. लॉक ठणठणीत होते, त्याच्या जुन्या ड्रायव्हरला नव्या सुरक्षा-नियमाने दारातच अडवले होते. ऑपरेटरने दोन दिवस पोर्ट बदलून पाहण्यात घालवले. फॉन्टचेही तसेच. अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या प्रोग्राममधून टाइप वन या जुन्या पद्धतीच्या फॉन्टचा आधार काढून घेतला. ज्या देवनागरी फॉन्टच्या टाइप वन आवृत्त्या वापरात होत्या, त्यांची जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडली की फॉन्ट सापडत नाही, आणि त्या फॉन्टांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या घरात बसवलेली असल्यामुळे अभंगाच्या जागी रोमन लिपीचा काला दिसतो. निविदा भरणाऱ्यांनी असाच अनुभव डिजिटल स्वाक्षरीच्या बाबतीत घेतला आहे: स्वाक्षरीसाठी ब्राउझरमध्ये लागणारा जावा या प्रणालीचा आधार क्रोमने २०१५ मध्ये काढला, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, मग सगळे इंटरनेट एक्सप्लोररला चिकटून बसले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज १० वर तोही एका अपडेटनेच बंद करून टाकला.

उपायांपैकी पहिला वहीचा आहे, आणि तो सर्वांत कंटाळवाणा असल्यामुळे कुणी करीत नाही. कोणत्या संगणकावर कोणता प्रोग्राम, त्याला कोणते लॉक, कोणता ड्रायव्हर आणि त्याची कोणती आवृत्ती लागते, हे लिहून ठेवा, आणि त्या ड्रायव्हरची मूळ फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा. उत्पादकाच्या संकेतस्थळावर ती पाच वर्षांनी असेलच असे नाही. अपडेट आल्यावर काही मोडले, तर प्रथम अपडेटचा इतिहास उघडून तारीख पाहावी. बिघाडाची सकाळ आणि ती तारीख जुळत असेल, तर केबलला हात लावू नये.

दुसरे, सर्व संगणकांना एकाच रात्री अपडेट घेऊ देऊ नका. ज्यावर तातडीचे काम नसते असा एक संगणक आधी पुढे जाऊ द्या, त्यावर दोन-तीन दिवस छपाई, स्वाक्षरी, लॉक असे सर्व करून पाहा, आणि बाकीचे आठवडा-दहा दिवसांनी सोडा. प्रोफेशनल आवृत्तीत मासिक दुरुस्त्या ३० दिवसांपर्यंत आणि मोठे बदल ३६५ दिवसांपर्यंत लांबवता येतात. माझ्या मते कामाच्या संगणकावर घरगुती आवृत्ती चालवणे ही काटकसर महागात पडते. मात्र एखाद्या भगदाडाचा गैरफायदा प्रत्यक्ष घेतला जात आहे असे कळले, तर हा आठवडाही थांबू नये. अपडेटची सेवाच कायमची बंद करणाऱ्या युक्त्या मी सुचवणार नाही. विंडोजमध्ये ती सेवा पुन्हा जागी करणारी दुसरी सेवा असते, आणि या झटापटीत संगणक अर्धवट अवस्थेत अडकतो.

मोठे अपडेट फसले तर मागे जाण्याची सोय साधारण दहा दिवसच मिळते. त्यानंतर जुन्या फायली पुसल्या जातात. म्हणून नवे अपडेट आल्यावर सर्व महत्त्वाची कामे त्या दहा दिवसांत एकदा करून पाहावीत, जीएसटीचे विवरण महिन्यातून एकदाच भरायचे असले तरी. पेजमेकरचा संगणक अपडेटविना ठेवायचाच असेल, तर त्याची इंटरनेटची तार काढा आणि पेनड्राइव्ह दुसरीकडे तपासून मगच त्याला लावा.

एवढे करूनही एखाद्या सकाळी संगणक सुरू होणार नाही आणि पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी किल्ली मागितली जाईल. जुलै २०२४ मध्ये विंडोजच्या मासिक अपडेटनंतर काही संगणकांनी ती विनाकारण मागितली होती, आणि क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणात दुरुस्तीला सर्वाधिक वेळ लागला त्यात या किल्लीचा शोध हे एक मोठे कारण होते. ती आजच कागदावर छापून दुकानाच्या परवान्याबरोबर ठेवा. मी ज्या कार्यालयांत ती मागितली, त्यांतल्या तीन ठिकाणी ती नीट जतन केलेली होती, बंद पडलेल्या त्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर.