घोडं कुठं पेंड खातंय?

श्रोतेहो, नमस्कार.

जिममध्ये नियमित जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक दिवस हमखास येतो. गेल्या आठवड्यात जे वजन उचललं, तेच आज उचलत नाही. तो म्हणतो, झोप नीट झाली नसेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात तो दात-ओठ खाऊन बारखाली, म्हणजे वजनं लावलेल्या लोखंडी दांड्याखाली जातो आणि बार छातीवरच बसतो. दोघं धावत येऊन उचलतात. मग सुरू होतो सल्ल्यांचा पाऊस. कुणी म्हणतं जोर वाढव, कुणी पावडर बदलायला सांगतं, कुणी सगळा कार्यक्रमच फेकून दे म्हणतं. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, हे मात्र कुणी विचारत नाही.

आधी एक हिशोब करू. नवशिक्यांना ताकदीचा जो कार्यक्रम बहुतेक वेळा दिला जातो, तो असा: आठवड्यातून तीन दिवस, मोजके मोठे व्यायाम, पाच रेप्सचे पाच सेट (रेप म्हणजे एकदा उचलणं, सेट म्हणजे न थांबता केलेल्या रेप्सचा एक गट), आणि दर वेळी बारवर अडीच किलो जास्त. आठवड्याला साडेसात किलो झाले. वर्षाचे 52 आठवडे धरले तर 390 किलो! चाळीस किलोच्या स्क्वॉटपासून, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेल्या बैठकीपासून सुरुवात केलेला माणूस वर्षअखेरीला 430 किलो घेऊन बसायला हवा. क्रोटोन या प्राचीन ग्रीक वसाहतीतल्या मायलो पैलवानाची कथा अशीच आहे. रोज वासरू खांद्यावर घेऊन फिरायचा, वासराचा बैल झाला तरी फिरतच होता म्हणे. कथा झकास आहे, पण शरीर अशा सरळ रेषेत चालत नाही. म्हणजे वाढ थांबणं हा तुमचा दोष नाही, ते गणितातच लिहिलेलं होतं.

आता दुसरी गोष्ट. बऱ्याच जणांची तक्रार वेगळी असते. ‘बारवरचं वजन तर वाढलं, पण दंड आहे तेवढाच आहे.’ याचं कारण असं, की पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. असलेल्या स्नायूंना एकदम आणि नेमकं कामाला कसं लावायचं, हे मेंदू शिकत असतो. मजूर तेवढेच, मुकादम हुशार झाला. मजूर वाढवायचे, म्हणजे स्नायू जाड करायचे, तर त्यांना पुरेसं काम द्यावं लागतं. हे काम मोजायचं कसं, तर आठवड्यात एका स्नायूला किती कष्टाचे सेट मिळाले यावर. कष्टाचा सेट म्हणजे शेवटी फार तर दोन-तीन रेप्स शिल्लक राहिल्या असत्या असा सेट. बऱ्याच जणांना आठवड्याला दहाच्या आसपास असे सेट लागतात. पाच-पाचच्या कार्यक्रमात मांड्यांना ते सहज मिळतात, पण दंड, खांद्याची बाजू, पोटऱ्या उपाशीच राहतात.

रेप्स किती, यावर लोक हातघाईवर येतात. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. सेट खरोखर कष्टाचा असेल, तर पाच रेप्सनीही स्नायू वाढतो आणि पंचवीसनीही. फरक सोयीचा आहे. पाचात सांधे कुरकुरतात, पंचविसात आधी दम संपतो. म्हणून आठ ते बारा.

मग जुना कार्यक्रम फेकायचा का? मुळीच नाही. मुख्य व्यायाम आहे तसा सुरुवातीला ठेवा, पण पाचऐवजी तीनच जड सेट करा. मग वजन साधारण पाव हिस्सा उतरवा आणि त्याच व्यायामाचे आठ ते दहा रेप्सचे दोन सेट मारा. शेवटी उपाशी स्नायूंसाठी एखाद-दोन छोटे व्यायाम. दोन जड सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं निवांत बसा. घाम वाळू नये म्हणून मिनिटभरात पुन्हा बार उचलणारे पाहिले, की त्यांचा पुढचा सेट किती लंगडा असणार ते आधीच कळतं.

वाढ मोजायची पद्धतही बदला. छोट्या व्यायामांना दर वेळी अडीच किलो झेपत नाहीत. शंभर किलोवर अडीच म्हणजे अडीच टक्के, पण चाळीसवर तेच सहा टक्क्यांच्या वर जातात. त्यामुळे वजन तेच ठेवून रेप्स वाढवा. आठपासून सुरू करा, सगळ्या सेटमध्ये बारा पूर्ण झाल्या की मगच वजन वाढवा आणि पुन्हा आठवर या.

हे सगळं करूनही अडलं तर? तर रोजची वजनं आणि रेप्स लिहिता ती वही उघडा. माझं स्वतःचं सांगतो. माझा स्क्वॉट महिनोन्‌महिने वाढत होता आणि मी खुशीत होतो. एकदा मित्राने बाजूने व्हिडिओ काढला. वजन वाढत गेलं होतं खरं, पण मी दर महिन्याला थोडा थोडा कमी खाली बसत होतो! वहीत आकडे चढते, प्रत्यक्षात बैठक अर्धी. वीस किलो उतरवून पुन्हा सुरू केलं. पंधरा दिवस जिममध्ये कुणाच्या नजरेला नजर देववत नव्हती.

वहीत दोन तऱ्हा दिसतात. एक, सगळेच व्यायाम एकदम घसरलेत, सांधे दुखतायत, झोप उडालीय, जिमचं नाव काढलं की कंटाळा येतो. हा थकवा आहे. इथे एक आठवडा सेट निम्मे करा, वजनही थोडं उतरवा. ताकद गेलेली नसते, थकव्याखाली झाकलेली असते. दुसरी तऱ्हा, तब्येत ठणठणीत, पण एकच व्यायाम अडलाय. तिथे विश्रांतीने काही होत नाही, त्या स्नायूला आठवड्यात दोन सेट जास्त द्या किंवा व्यायामाचा थोडा वेगळा प्रकार घ्या. या दोन तऱ्हांची गल्लत झाली की थकलेला माणूस काम वाढवत जातो आणि आराम झालेला माणूस आणखी आराम करतो.

काम कमी करण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टॉमस डीलॉर्म हा अमेरिकन लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांना वाढत्या वजनांचा व्यायाम देत होता. 1945 साली त्याने पद्धत मांडली, तेव्हा दहा रेप्सचे सात ते दहा सेट होते. 1948 पर्यंत त्याने आणि त्याचा सहकारी वॉटकिन्सने ते तीनवर आणले. ज्याने पद्धत घडवली, त्यानेच ती कापली.

आहाराचं थोडक्यात. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 1.6 ग्रॅम प्रोटीन पुरतं. सत्तर किलोच्या माणसाला 112 ग्रॅम. त्याहून महत्त्वाचं, एकूण पोटात किती जातंय. रोज सकाळी वजन करा, आठवड्याची सरासरी काढा. तीन आठवडे काटा हलला नसेल तर दिवसाला दोनशे-तीनशे कॅलरी वाढवा. महिन्याला किलोभर वाढ पुरे. त्याहून वेगाने वाढलेलं बरंचसं पोटावरच जमतं.

कुठलाही बदल केलात, तर सहा ते आठ आठवडे त्याला हात लावू नका. दंडाला टेप लावायची ती सकाळी, व्यायामाआधी. सेट मारल्यावर फुगलेला दंड मोजणारे बरेच आहेत, आणि मीही त्यांतलाच होतो. आणि सांध्यात टोचणारी कळ येत असेल तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

नमस्कार.