टिकल्यांचा नकाशा

(दृश्य : पहाट. पर्वतीचा उतार, अरुंद पायऱ्या, नळावरची रांग)

पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या या वस्तीत दिवस उजाडतो तो नळावर. साडेपाचला पाणी येतं, तासाभरात जातं. हंडे-बादल्या भरल्या, पोरांचा डबा झाला, की बायका पायऱ्या उतरू लागतात. कुणी सहकारनगरात धुण्याभांड्याला, कुणी स्वयंपाकाला, कुणी मार्केट यार्डात माल निवडायला. आठ वाजता या गल्लीत हाक मारली तर ओ देतात ती फक्त म्हातारी माणसं.

ही वेळ ध्यानात ठेवा. पुढं ती लागणार आहे.

(दृश्य : समाजमंदिर, संध्याकाळ. जमिनीवर मोठा कागद, भोवती बायका)

जुनी कॅलेंडरं उलटी करून, खळीनं चिकटवून हा कागद केलाय. त्यावर वस्ती काढलीय : पिंपळ, शौचालय, रेशनचं दुकान, दत्ताचं देऊळ आणि एकेक घर. घरांवर टिकल्या आहेत. कपाळाला लावतो त्याच, पाकिटातल्या. हिरवी टिकली म्हणजे साखर. मरून म्हणजे बीपी. पिवळी म्हणजे घरात गरोदर बाई आहे. आणि काळी टिकली म्हणजे दुखण्यापायी काढलेलं कर्ज अजून फिटायचंय.

(दृश्य : क्लोजअप. एक बोट घरावर थांबतं)

"हे माझं घर." तीन टिकल्या आधीच आहेत. चौथी ती स्वतः लावते. काळी.

(इथे निवेदन नाही. आठ सेकंद.)

टीबीची टिकली मात्र या कागदावर दिसणार नाही. त्यावर एक अख्खी संध्याकाळ वाद झाला. कळलं तर पोरीचं लग्न मोडेल, काम सुटेल, असं एकीनं सांगितलं आणि बाकीच्यांना ते पटलं. ती यादी आशाताईंच्या, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, वहीत राहील, कागदावर येणार नाही. आरोग्याचं नियोजन शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात हा निर्णय दाखवावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य : प्लास्टिकच्या पिशवीतून कागद बाहेर काढणारे हात)

यांच्यापैकी कुणाच्याच पगारातून विम्याचा हप्ता कापला जात नाही, कारण पगारपत्रकच नाही. कामगार विमा कारखान्यातल्या, आस्थापनेतल्या कामगाराला. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला तो लागू नाही. मग उरतात योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आलेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची झालेली राज्याची योजना. महापालिकेची शहरी गरीब योजना, तिचं कार्ड दरवर्षी नव्यानं काढायचं. आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या खाटा : दहा टक्के निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेली ही व्यवस्था आहे.

म्हणून ही पिशवी. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, जुन्या केसपेपरांच्या घड्या. पावसाळ्यात ती भिंतीपासून लांब, पत्र्याच्या पेटीत ठेवतात.

पण हे सगळं अॅडमिट झाल्यावरचं. रोजची साखरेची गोळी, पोराचा ताप, दवाखान्यात गेल्यामुळं बुडालेला रोज, याला यातली योजना नाही. नकाशावर सगळ्यात जास्त टिकल्या हिरव्या आणि मरून आहेत, हे पाहिल्यावर बायकांनी बैठकीचा विषयच बदलला. ऑपरेशनचं नंतर बघू, आधी महिन्याच्या गोळ्यांचं ठरवू.

(दृश्य : पुण्याचे रस्ते, कचऱ्याची ढकलगाडी, निळा कोट घातलेली कष्टकरी बाई)

पुण्याला हे नवं नाही. १९९३ मध्ये इथल्या कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. आधी ओळखपत्र मागितलं. शहराचा कचरा उचलून, वर्गीकरण करून आपण महापालिकेचा किती खर्च वाचवतो, ते मांडलं. त्या हिशेबाच्या जोरावर पुढं महापालिकेनं नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा भार उचलला. आजूबाजूच्या ग्रामीण भागातही २००७ पासून लोकांनी आपल्याच आरोग्य केंद्राला त्याच्या कामावरून लाल, पिवळा, हिरवा रंग दिला आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तो वाचून दाखवला. हीच लोकाधारित देखरेख. ती सुरू झालेल्या राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता.

शहरासाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं. त्यात पन्नास ते शंभर घरांमागं एक महिला आरोग्य समिती सांगितलीय. वर्षाला पाच हजार रुपये, कसे खर्चायचे ते समितीनं ठरवायचं. पाच हजार म्हणजे काही फार नाही. पण ठरवायचं कुणी, हे कागदावर लिहिलेलं आहे, आणि या बायकांनी तेवढंच धरून ठेवलं.

(दृश्य : पुन्हा समाजमंदिर. आवाज चढलेले)

सोबत आजारपणाची भिशी सुरू करायची ठरली. दर महिन्याला थोडे पैसे, अडल्यानडल्याला उचल. मग नियम. दारूनं लिव्हर गेलेल्या नवऱ्यासाठी उचल द्यायची का? "त्याला कशाला?" "त्याला नको, पण दवाखान्यात तर तीच बसते ना? तिचा खाडा कोण भरणार?" बराच वेळ कुणी कुणाचं ऐकेना. शेवटी ठरलं : औषधाला निम्मी उचल, आणि सोबत बसणाऱ्या बाईच्या बुडालेल्या रोजाला पूर्ण. रोजाला पैसे देण्याची ही कलमं आम्ही सरकारी योजनेत शोधली, सापडली नाहीत.

(दृश्य : गुंडाळलेला नकाशा बगलेत, पायऱ्या उतरणाऱ्या चौघी)

एके दिवशी चौघींनी कामाला दांडी मारली आणि नकाशा घेऊन जवळच्या दवाखान्यात गेल्या. ओपीडी सकाळी, दुपारपर्यंत. म्हणजे नेमकी जेव्हा वस्तीत कुणी नसतं तेव्हा. नागरी अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतच संध्याकाळच्या ओपीडीचा उल्लेख आहे, त्याची झेरॉक्स त्यांनी टेबलावर ठेवली. वरती टिकल्यांचा कागद उलगडला. डॉक्टर मॅडम उठून उभ्या राहिल्या, कारण बसून तो पूर्ण दिसत नव्हता.

आठवड्यातून दोन संध्याकाळी ओपीडी सुरू झाली आणि गोळ्या महिनाभराच्या एकदम मिळू लागल्या. काळ्या टिकल्या अजून आहेत तशा आहेत.

(दृश्य : रात्र. समाजमंदिरात दोघीजणी कागदाला कागद जोडताना)

वरच्या गल्लीतली घरं पहिल्या नकाशात राहून गेली होती. त्यासाठी आणखी दोन कॅलेंडरं जोडताहेत. हिरव्या टिकल्या संपल्यात. एकीची पोरगी दुकान बंद व्हायच्या आत पाकीट आणायला पळालीय.