ठोका नेमका कुठला?

(दृश्य : कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळ. शेजारच्या शेडमधून लेथचा आवाज. बॉनेट उघडलेली जुनी पद्मिनी.)

आधी ऐका.

(फक्त इंजिनाचा आवाज, दहा सेकंद.)

इंजिनाच्या घरघरीखाली कुणी खलबत्त्यात सुपारी कुटावी, तसा हा ठोका.

ही १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, १०८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. घराघरांतल्या गाड्या मात्र अजून जपल्या जातात. ही माझ्या वडिलांनी घेतलेली. आम्ही सगळी भावंडं हिच्या मागच्या सीटवर वाढलो.

महिन्याभरापूर्वी ठोका सुरू झाला. पहिल्या गॅरेजमध्ये दोन मिनिटांत निकाल लागला, बिगएंड गेलंय, इंजिन खोलावं लागेल. बिगएंड म्हणजे पिस्टनखालच्या कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक, जिथे ते क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, धरतं. तिथलं बेअरिंग झिजलं की प्रत्येक फेऱ्याला रॉड क्रँकवर आपटतो. मग क्रँक ग्राइंडिंग, नवी बेअरिंगं आणि जुन्या गाडीचे सुटे भाग शोधत गावोगाव फिरणं.

मन मानेना, म्हणून गाडी इथे आणली. इथले मेस्त्री तरुणपणापासून फियाट खोलत आलेत. पद्मिनीला ते फियाटच म्हणतात. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी विचारलं,

"कधी वाजतंय? गार असताना, का तापल्यावर? चढाला वाढतंय का?"

हे प्रश्न म्हणजेच निम्मं निदान. सकाळी गार इंजिनावर वाजून तापल्यावर मिटणारा आवाज बहुधा सैल पिस्टनचा असतो. बिगएंडचं उलट. तेल तापून पातळ झालं की ते जोरात वाजतं आणि ॲक्सिलरेटर दाबाल तसं वाढतं. आमचा ठोका गार-गरम काही जाणत नव्हता. उभ्या गाडीत स्पष्ट, आणि वेग वाढला की इतर आवाजांत बुडणारा.

(दृश्य : पन्हाळ्याचा चढ. गाडी वरच्या गिअरमध्ये, हळू.)

मेस्त्रींनी गाडी पन्हाळ्याच्या चढाला घातली. आपण ज्याला नॉकिंग म्हणतो त्यातला एक प्रकार धातूचा नसतोच. सिलिंडरमध्ये ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल एकदम पेटतं आणि किणकिण ऐकू येते. ती ओझ्याखाली वाढते आणि ॲक्सिलरेटर सोडला की थांबते. याच किणकिणीवर उपाय शोधताना टॉमस मिजली यांनी १९२१ साली अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलं. किणकिण थांबली, पण ते शिसं पुढे कित्येक दशकं जगभरच्या हवेत आणि माणसांच्या रक्तात गेलं. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. एका आवाजासाठी मोजलेली ही किंमत मला आजही अस्वस्थ करते.

चढावर किणकिण आली नाही. ठोका वाढलाही नाही.

(दृश्य : स्टीलच्या ताटात काळं तेल, त्यावर ऊन.)

मग चेंबरमधलं तेल ताटात काढलं. मी लोहचुंबक पुढे केला, तर मेस्त्री म्हणाले, "त्याला बेअरिंगचा धातू चिकटत नाही, मालक. उन्हात बघा." ताट कलतं करून त्यांनी बोट फिरवलं. बेअरिंग झिजत असतं, तर तेलात सोनेरी-रुपेरी चमक दिसली असती. तेल काळंच राहिलं. त्यांनी वासही घेतला. पेट्रोलचा वास नव्हता. त्या वासाचं महत्त्व मला नंतर कळलं.

नवं तेल भरून इंजिन चालू केलं. रबर गुंडाळलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर उपटली. ज्या सिलिंडरचं बिगएंड गेलेलं असतं, त्याचा स्फोट थांबला की ठोका दबतो. चारही वायरी झाल्या. इंजिन लंगडलं, ठोका जशास तसा.

बिगएंडचा संशय इथे संपला. मग लांब स्क्रू ड्रायव्हर आला. टोक ब्लॉकवर, लाकडी मूठ कानाशी. मलाही ऐकवलं. ब्लॉकच्या कुशीला कुठेही टेकवा, ठोका जवळच वाटतो, कारण सलग ओतीव लोखंड आवाज दूरवर नेतं. पहिलं गॅरेज इथेच फसलं असावं.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती पुढची. मेस्त्रींनी पहिल्या प्लगच्या वायरीला टायमिंग लाइट जोडला आणि इंजिन अगदी मंद केलं. हा दिवा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडाही, तेवढ्यात एकच फेरा घेतो. म्हणजे एका चमकेला दोन ठोके पडले तर दोष क्रँकचा, एक पडला तर कॅमकडचा.

(दृश्य : अंधारलेली शेड. चमक, ठोका. चमक, ठोका.)

एका चमकेला एकच.

कॅमवर चालणारी, व्हॉल्व्ह ढकलणारी टॅपेटं आठ. चालत्या इंजिनात प्रत्येकाच्या फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवून पाहिली. आवाज कशानेच मोडेना. मेस्त्री कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, आणि मग वाकून पेट्रोल पंपाला हात लावला.

या गाडीचा पंप विजेवर चालत नाही. कॅमशाफ्ट फिरताना पंपाची दांडी दाबते, दांडी पडदा ओढते, पेट्रोल वर चढतं. तो पडदा फाटला तर पेट्रोल थेट तेलात उतरतं. मेस्त्रींनी वास घेतला तो यासाठी.

पंप काढला. ते भोक पत्र्याचा तुकडा आणि गॅस्केट लावून बंद केलं, पेट्रोलची नळी बुजवली. कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल उरलेलं असतं. तेवढ्यावर इंजिन मिनिटभर चालतं.

(निवेदन नाही. इंजिनाचा आवाज.)

त्या मिनिटात एकही ठोका नव्हता. मी वडिलांना फोन लावला आणि बोललो काहीच नाही, नुसता बॉनेटजवळ धरला.

(दृश्य : तळहातावर पंपाची दांडी, जवळून.)

ज्या पिनेवर दांडी हलते, तिचं भोक लांबट झालं होतं. दांडीला कॅमशी चिकटवून ठेवणारी स्प्रिंग थकली होती. त्यामुळे दांडी दर फेऱ्याला कॅमपासून सुटायची आणि परत आपटायची. शेजारच्या लेथवाल्याने नवी पिन आणि बुश कातून दिलं. स्प्रिंग मेस्त्रींच्या जुन्या डब्यातून निघाली.

संध्याकाळी पंप चढला. खलबत्ता थांबला होता, पण वरून बारीक टिकटिक येत होती. मी विचारलं, "ही?"

"ती टॅपेटची. थोडं वाजू द्यावं. आवळून गप्प केलं की व्हॉल्व्ह जळतो. उद्या गार इंजिनावर फट बघतो, सकाळी लवकर आणा."